चार चाकं, वीस बोल्ट

मला फक्त टायर बदलायचे होते. हे वाक्य मी गेल्या चार महिन्यांत इतक्या वेळा उच्चारलंय की आता ते ऐकून घरात कोणी पेपरातून मानसुद्धा वर काढत नाही. तरी एकदा लेखी नोंद असावी म्हणून पुन्हा सांगतो. फक्त टायर. चार.

गाडी पोलो जीटी टीएसआय, 2014 सालची. 1.2 लिटरचं टर्बो इंजिन, 105 अश्वशक्ती, सात गिअरची डीएसजी. एवढ्या ताकदीच्या गाडीतून जर्मनीत आज्या पाव आणायला जात असतील. पुण्यात मात्र तिला हॉट हॅच म्हणतात. माझ्यासारखा छप्पन्न वर्षांचा, दोन चष्मे बाळगणारा माणूस तिच्यातून उतरला की सिग्नलवरची पोरं एकदा गाडीकडे बघतात, एकदा माझ्याकडे बघतात आणि गाडीबद्दल हळहळतात. मला त्याचं काही नाही. गाडी मी स्वतःच्या पैशांनी घेतली आहे आणि चालवतोही स्वतःच. रात्री साडेअकरानंतर ताम्हिणीच्या वळणांवर काय होतं ते माझ्या आणि गाडीच्या मधलं आहे.

तर टायर टकले झाले होते. मधल्या पट्ट्या झिजून इशाऱ्याच्या उंचवट्यांना टेकल्या होत्या. पावसाळा तोंडावर होता. मी एका शनिवारी नाना पेठेत गेलो आणि दुकानदाराला म्हणालो, ‘‘चार टायर द्या.’’

त्याने विचारलं, ‘‘साईज हीच ठेवायची, की अपसाईज करायची?’’

कापडाच्या दुकानात गेल्यावर ‘कंबर हीच ठेवायची की वाढवायची?’ असं कोणी विचारत नाही. मी ‘‘हीच’’ असं एका शब्दात सांगून प्रश्न मिटवायला हवा होता. त्याऐवजी मी म्हणालो, ‘‘म्हणजे?’’

इथून पुढे जे झालं ते समजायला टायरच्या कडेवर लिहिलेली ओळ वाचता यावी लागते. दहा वर्षं ती माझ्या गाडीवर होती आणि मी ती कधी वाचली नव्हती. 185/60 आर 15 84 एच. यातले 185 म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. 60 म्हणजे टायरच्या कडेची उंची, पण मिलिमीटरमध्ये नाही. रुंदीच्या साठ टक्के, म्हणजे 111 मिलिमीटर. 15 म्हणजे आतल्या चाकाचा व्यास, इंचात. उद्या भाजीवाल्याने ‘‘अर्धा किलो बटाटे, बटाट्यांच्या साठ टक्के कांदे आणि पंधरा तोळे लसूण’’ असा हिशेब सांगितला तर आपण वैधमापनवाल्यांना बोलावू. टायरवाल्यांना मात्र जगभर कोणी हटकलेलं नाही. मधला आर हा रेडियसचा असेल असं वाटतं. तो रेडियसचा नाही, रेडियलचा आहे. आतले धागे कसे घातले आहेत ते सांगतो. 84 हे वजन किलोत असेल असं वाटतं. तेही नाही. 84 म्हणजे एका टायरने 500 किलो पेलावे. 87 म्हणजे 545. मधला हिशेब तक्त्यात बघायचा.

शेवटचं अक्षर वेगाचं. एस म्हणजे ताशी 180 किलोमीटर, टी म्हणजे 190, यू म्हणजे 200. आता पुढचं अक्षर सांगा. व्ही नाही. यूनंतर एच येतो, 210. मग व्ही, 240. इंग्रजी मुळाक्षरं मी पाचवीत शिकलो, त्या काळी पाचवीतच शिकवत. ती या क्रमाने नव्हती एवढं मला पक्कं आठवतं.

दुकानदाराचा आग्रह होता 205/60 चा. ‘‘चाक तेच राहू द्या साहेब, टायर तेवढा मोठा टाका. गाडी भरल्यासारखी दिसते.’’ मी घरी येऊन महावितरणच्या बिलामागे हिशेब मांडला. जुना टायर जमिनीपासून वरपर्यंत 603 मिलिमीटर. हा 627. म्हणजे चार टक्के मोठा. स्पीडोमीटर शंभर दाखवेल तेव्हा गाडी आधीच्या मानाने 104 ने चाललेली असेल, ओडोमीटर प्रत्येक शंभर किलोमीटरला चार किलोमीटर खाईल आणि पिकअप मंदावेल. दुसऱ्या शनिवारी जाऊन मी हे सगळं दुकानदाराला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘‘पण भरल्यासारखी दिसते.’’

याच दुकानात मी टायरच्या जन्मतारखेचाही विषय काढला. टायरच्या कडेवर लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन सालाचे. मला दाखवलेल्या ‘एकदम फ्रेश’ मालावर 3421 होतं. 2021 सालचा 34वा आठवडा. ही गोष्ट 2024 ची. दुकानदार म्हणाला, ‘‘साहेब, ठेवलेला आहे, वापरलेला नाही.’’ आमच्या माळ्यावरचा पापडांचा डबाही असाच आहे.

इथपर्यंत प्रकरण टायरपुरतं होतं. ते चाकांपर्यंत नेलं आमच्या भाच्याने. भाचा पिंपरीला नोकरी करतो, चोवीस वर्षांचा आहे आणि जगातली प्रत्येक गोष्ट त्याच्या मते एक तर वेडी आहे किंवा बोरिंग. ‘‘मामा, पंधरा इंच बोरिंग आहे. सतरा टाक. 215/40. वेडी दिसेल.’’ मी पुन्हा बिल उलटं केलं. आणि सांगायला वाईट वाटतं, हिशेब अचूक निघाला. एकूण उंची 603.8. जुन्यापेक्षा एक मिलिमीटरही जास्त नाही. स्पीडोमीटर खूश, ओडोमीटर खूश. फरक एवढाच की चाक मोठं झाल्यामुळे टायरची कड 111 वरून 86 मिलिमीटरवर आली. गेले फक्त 25 मिलिमीटर.

पुण्याचे खड्डे त्या 25 मिलिमीटरमध्ये राहतात.

आणि खड्ड्यांचं एक वेळ ठीक आहे, ते कोणी मुद्दाम करत नाही. गतिरोधक मुद्दाम करतात. इंडियन रोड्स काँग्रेसने गतिरोधकाचं माप ठरवून दिलेलं आहे: रुंदी 3.7 मीटर, उंची 10 सेंटिमीटर, 17 मीटर त्रिज्येचा गोलावा. म्हणजे गाडी त्यावरून चढल्याचं कळावं, आदळल्याचं नव्हे. आमच्या सोसायटीत असे सात आहेत. त्यांतल्या एकाचीही रुंदी वीतभरापेक्षा जास्त नाही. ते गवंड्याने उरलेल्या सिमेंटातून केलेत आणि गोलावा घमेल्याचा आहे. 86 मिलिमीटरच्या कडेने यावरून रोज जायचं म्हणजे चहाच्या बशीवर बसून जिना उतरणं.

मी सोळा इंचांवर तडजोड केली. तडजोडीचं वैशिष्ट्य असं की दोन्ही बाजू तुमच्याकडे सारख्याच कीव करून बघतात. हिशेबाने सगळ्यात नेटकं माप येत होतं 195/50 आर 16. ते दुकानात नव्हतं. ‘‘मागवावं लागेल.’’ 205/55 आर 16 हवे तेवढे होते. ते जवळजवळ पाच टक्के मोठे. हा बाजाराचा नियम मी पुढे सगळीकडे अनुभवला. जे बसत नाही ते आज मिळतं. शेवटी 195/55 आर 16 वर येऊन थांबलो: उंची 621, तीन टक्के जास्त, कड 107. दोन महिने बिलामागे गणितं करून शोधलेलं हे माप मी भाच्याला अभिमानाने सांगितलं. तो म्हणाला, ‘‘मामा, नंतरच्या जीटीला कंपनीनेच हे दिलंय.’’ खरं होतं. माझ्या घरापासून तासाभरावर, चाकणच्या कारखान्यात, जर्मन शिक्षण घेतलेल्या लोकांनी ते केव्हाच काढून ठेवलं होतं. गावाच्या नावातच चाक आहे, मला आधी सुचायला हवं होतं.

आता चाकं. आमच्याकडे यांना मॅगव्हील म्हणायची पद्धत आहे, त्यात मॅग्नेशियम औषधापुरतंच असतं. अलॉय अॅल्युमिनियमचं असतं. हा शब्द रेसिंगच्या जुन्या काळातून उरला, तेव्हा चाकं खरोखर मॅग्नेशियमची करत. असो. चाकांच्या दुकानात चाकं भिंतीवर टांगलेली असतात, तोंड गिऱ्हाइकाकडे आणि पाठ भिंतीकडे. कळण्यासारखं जे काही असतं ते पाठीवर कोरलेलं असतं. गिऱ्हाइकाला रंग कळतो. गनमेटल, हायपर सिल्व्हर, मॅट ब्लॅक, मशीन कट. विक्रेत्यालाही रंगच कळतो. ‘‘पीसीडी किती?’’ असं विचारलं की तो शिडी आणायला जातो.

पीसीडी म्हणजे बोल्टची भोकं ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास. माझ्या गाडीला पाच बोल्ट आणि व्यास 100 मिलिमीटर. स्विफ्टलाही 100, पण बोल्टांची जागा चार. ऑक्टाव्हियाला पाच, पण 112. सिव्हिकला पाच आणि 114.3. हे शेवटचे तीन दशांश कुठून आले हे मला आठवडाभर छळत होतं. एके दिवशी दाढी करताना उलगडलं: 114.3 मिलिमीटर म्हणजे बरोबर साडेचार इंच. कोणी तरी कधी तरी इंचात आखलं, मग जगाने मिलिमीटर स्वीकारले, आणि तो उरलेला दशांश आता जपानी गाड्यांबरोबर फिरतो आहे.

पाच भोकांचा आणखी एक त्रास. चार भोकांत समोरासमोरची दोन पट्टीने मोजता येतात. पाच भोकांत कुठलंच भोक कुठल्याच भोकाच्या समोर नसतं. मी स्टीलची फूटपट्टी घेऊन पार्किंगमध्ये पालथा पडून मोजायचा प्रयत्न केला तेव्हा वॉचमनने येऊन विचारलं, ‘‘साहेब, काही पडलं का?’’ उपाय असा की शेजारच्या दोन भोकांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर मोजायचं. ते 58.8 आलं तर पीसीडी 100, 65.8 आलं तर 112. यासाठी साइन 36 अंश माहीत लागतं. दहावीत त्रिकोणमिती शिकवताना सरांनी तिचे उपयोग सांगितले होते, मनोऱ्याची उंची आणि नदीची रुंदी. खरा उपयोग त्यांनी सांगितला असता तर मी लक्ष दिलं असतं.

पाच-100 म्हटल्यावर भिंतीवरची नव्वद टक्के चाकं बाद झाली. ज्यांवर माझी नजर होती ती सगळी 112 ची होती. विक्रेता म्हणाला, ‘‘हे घ्या, मल्टी पीसीडी,’’ आणि त्याने दहा भोकांचं चाक काढून दाखवलं. पाच भोकं 100 ची, पाच 114.3 ची. कोणालाही बसावं म्हणून. मी ते हातात घेऊन बघितलं. आमच्याकडे साबुदाणा चाळायला असंच आहे.

आमच्या भागात याचा विरोधाभास विशेष आहे. चाकण ते शिक्रापूर असा रस्ता आहे. एका टोकाला, चाकणला, माझी गाडी तयार झाली. पोलो तिथे 2022 पर्यंत होत होती. दुसऱ्या टोकाला, शिक्रापूरला, जपानच्या एन्काईचा अलॉय चाकं करणारा कारखाना आहे. त्या रस्त्यावरून मी शेकडो वेळा गेलोय, ट्रकमागे, तासाला अकरा किलोमीटरने. आणि चाक शोधायला मी पुणे, मग पुन्हा पुणे, मग कुर्ल्याचा सीएसटी रोड असा फिरत होतो. कुर्ल्यात एका दुकानात जाळीचं सुंदर चाक होतं. जाळीचं चाक म्हटलं की बीबीएस, हे भाच्याने शिकवलं होतं. ती तीन अक्षरं मोठी भारदस्त वाटतात. प्रत्यक्षात ती बाउमगार्टनर आणि ब्रांड या दोन माणसांची आणि शिल्टाख या गावाची आद्याक्षरं आहेत. आपल्याकडे जोशी, बर्वे आणि सासवड मिळून कंपनी काढावी तसं. कुर्ल्यातलं चाक अर्थात सासवडचंही नव्हतं. ‘‘सेम टु सेम,’’ विक्रेता म्हणाला. उचलून बघितलं तर माझ्या जुन्या चाकापेक्षा दोन किलो जड लागलं. चाकाचं वजन स्प्रिंगच्या खालचं वजन. ते वाढलं की खड्ड्यातून चाक उसळतं ते परत बसायला वेळ लागतो, आणि 105 अश्वांपैकी काही अश्व ते फिरवण्यातच दमतात. कामगिरी सुधारायला लोक अशी चाकं लावतात. हे मी कोणाला सांगितलं नाही, कारण तोवर मी अॅडव्हान्स दिला होता.

नाही, त्या चाकावर नाही. दुसऱ्या. तेही जवळजवळ तेवढंच जड होतं, पण पाच भोकांचं होतं.

चाकाची रुंदी सात इंच. तिला 7 जे म्हणतात. जे हा कडेच्या ओठाचा आकार आहे. आय, के, एल यांचं काय झालं हे विचारू नये. आणि ऑफसेट. ऑफसेटसाठी चाकावर ईटी असं कोरलेलं असतं. परग्रहावरच्या पाहुण्याचा याच्याशी संबंध नाही, तो आइनप्रेसटीफं या जर्मन शब्दाचा संक्षेप आहे. चाक जिथे हबला टेकतं ती जागा चाकाच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर बाहेर आहे ते यातून कळतं. त्यातली मेख अशी की आकडा कमी केला की चाक बाहेर येतं आणि वाढवला की आत जातं. ज्याने हे ठरवलं त्यानेच आमच्या इमारतीत गिझरचे नळ बसवले असावेत.

माझं जुनं चाक 6 जे, ईटी 40. नवं 7 जे, ईटी 38. ऐकायला दोन मिलिमीटरचा फरक. विक्रेता म्हणाला, ‘‘दोन एमएम काय साहेब, नखाएवढं.’’ मी पुन्हा महावितरणकडे वळलो. रुंदीही वाढली असल्यामुळे नव्या चाकाची बाहेरची कड पंधरा मिलिमीटर बाहेर येणार होती आणि आतली अकरा मिलिमीटर आत, शॉकअॅब्सॉर्बरच्या दिशेने. आत जागा होती. बाहेरही होती, गाडीत मी एकटा असेन तोवर. मागे दोन माणसं बसली आणि खड्डा आला की मागचं डावं चाक मडगार्डला घासतं. ‘‘खर्र.’’ तीन माणसं बसली की खड्ड्याचीही गरज नसते. मागे नेमकं कोण बसल्यावर घासतं, हे मी निरीक्षणाने ठरवलं आहे. ते कुटुंबात बोलून दाखवता येत नाही.

कायद्याबद्दलही एक परिच्छेद हवा. मोटार वाहन कायद्यातल्या कलम 52 प्रमाणे, निर्मात्याने ठरवलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही. विमावाल्यांनाही बदल कळवावा लागतो. मी कळवला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, ‘‘सर, चाकं आधी नव्हती का?’’

आता बोल्ट.

आपल्या ओळखीच्या बहुतेक गाड्यांत हबमधून खुंट्या बाहेर आलेल्या असतात. चाक खुंट्यांवर अडकवायचं आणि नट फिरवायचे. जर्मन गाड्यांत खुंट्या नसतात. पंधरा-सोळा किलोचं टायरसकट चाक पायाच्या चवड्यावर तोलून धरायचं, भोकाला भोक जुळवायचं आणि त्यातून बोल्ट घालायचा. दोन हात हबकडे, चाक पायावर, तोंडात बोल्ट. या अवस्थेत मला एकदा शेजारच्या कुलकर्ण्यांनी ‘‘काय, पंक्चर का?’’ असं विचारलं होतं आणि उत्तर न दिल्याबद्दल ते अजून नाराज आहेत.

तर माझ्या गाडीचे मूळ बोल्ट चौदा मिलिमीटर जाडीचे, आणि त्यांचा चाकावर टेकणारा भाग अर्धगोल आहे, गोटीसारखा. कंपनीच्या चाकाचं भोकही तसंच, वाटीसारखं. बाजारातल्या चाकांची भोकं मात्र शंकूच्या आकाराची, साठ अंशांची. गोटी शंकूत घातली तर ती सगळीकडून टेकत नाही. एका बारीक कड्यावर टेकते. पाना लावला की घट्ट होते. गाडी चालते. आणि मग काही शे किलोमीटरनंतर सैल होते. घट्ट वाटणं आणि बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी फिटरला समजावत होतो. फिटर वीस वर्षं चाकं बसवतो आहे. त्याने न्यूमॅटिक गनने जुना बोल्ट माझ्यासमोर नव्या चाकात ठोकला, घर्र्र, आणि म्हणाला, ‘‘टाईट झाला ना काका? मग?’’

मी चाकं उतरवायला लावली. दुकानात सगळे माझ्याकडे, लग्नात जेवणातून केस काढून दाखवणाऱ्या माणसाकडे बघतात तसे बघत होते. शंकूच्या आकाराचे वीस बोल्ट मिळायला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत माझी नवी चाकं बेडरूममध्ये, जुन्या साड्यांत गुंडाळून, भिंतीला टेकून उभी होती. सौ.नी या काळात एकच प्रश्न विचारला, ‘‘अहो, ती गोलच आहेत ना?’’

बोल्ट आले. चाकं बसली. टॉर्क रेंचने 120 न्यूटन मीटर, माझ्यासमोर, प्रत्येकी. फिटरने प्रत्येक वेळी ‘टक’ आवाज झाल्यावर माझ्याकडे बघितलं. जुने वीस बोल्ट मी पुसून, तेल लावून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घातले आणि डबा माळ्यावर ठेवला, पापडांच्या शेजारी.

ताशी पंच्याऐंशीला स्टिअरिंग थरथरायला लागलं. सत्तरला नाही, शंभरला नाही, पंच्याऐंशीला. बॅलन्सिंग तीनदा केलं. चाकाच्या आतल्या बाजूला एवढी शिशाची वजनं चिकटवली की ते रद्दीवाल्याचं माप वाटावं. शेवटी कारण सापडलं. माझ्या गाडीचा हब 57.1 मिलिमीटरचा आणि नव्या चाकाचं मधलं भोक 73.1 चं. कोणत्याही गाडीला बसावं म्हणून ते मोठं ठेवतात. मधल्या सोळा मिलिमीटरसाठी एक कडं मिळतं, प्लॅस्टिकचं, बांगडीएवढं. विक्रेत्याने ती कडी दिलीच नव्हती. मी विचारल्यावर म्हणाला, ‘‘मागितली असती तर दिली असती.’’ ड्रॉवरमध्येच होती.

कडी घातली. थरथर गेली. नव्वद किलोमीटरच्या वेगाने माझी गाडी रुळावरच्या डब्यासारखी सरळ गेली, आणि खरं सांगायचं तर ताम्हिणीत वळणावर पुढची बाजू आधीसारखी बाहेर ढकलली जात नव्हती. स्टिअरिंग वळवलं की नाक तिकडे जात होतं, लगेच, वाद न घालता. मी दोनदा परत फिरून तेच वळण घेतलं. याविषयी अधिक लिहिणं या लेखाच्या हेतूला धरून नाही.

मग साताऱ्याचा साखरपुडा. सौ. पैठणीत, मागे कोण बसलं होतं ते लिहीत नाही, पण घासत होतं. शिरवळच्या अलीकडे पुलाचं काम चालू होतं, ‘वळण रस्ता’ अशी पाटी होती, आणि पाटीच्या मागे खड्डा होता. पुढचं उजवं चाक गेलं. खण्‌. मी उतरून बघितलं. चाकाचा ओठ आत वाकला होता, टायरच्या कडेवर लिंबाएवढा फुगा आला होता आणि हवा हळूहळू, वाफाळत्या कुकरसारखी, जात होती.

काळजीचं कारण नव्हतं. स्टेपनी होती. पंधरा इंचांची, कंपनीची, लोखंडी डिस्क, हवा भरलेली; दर महिन्याला तपासणारा माणूस आहे मी. जॅक लावला. चाक उतरवलं. स्टेपनी पायाच्या चवड्यावर तोलली, भोकाला भोक जुळवलं, बोल्ट हातात घेतला आणि तसाच थांबलो.

स्टेपनीची भोकं वाटीसारखी होती. बोल्ट शंकूसारखे. वाटीत बसणारे वीस बोल्ट आमच्या माळ्यावर होते.

सौ. काच खाली करून म्हणाल्या, ‘‘काय झालं?’’

मी सांगितलं. थोडक्यात सांगितलं, शंकू आणि गोटी एवढंच, साइन 36 काढलं नाही.

‘‘म्हणजे स्टेपनी आहे.’’

‘‘आहे.’’

‘‘पण लावता येत नाही.’’

‘‘नाही.’’

‘‘मग ती आपण फिरवतो कशाला?’’

एवढ्यात जवळच्या टपरीवरचा पंक्चरवाला आला. त्याने माझ्या हातातला बोल्ट घेतला, स्टेपनीत घातला, पान्याने तीन फेरे दिले आणि म्हणाला, ‘‘बसतोय की, काका.’’ मागच्या सीटवरूनही आवाज आला, बसतोय म्हणतोय ना तो. मी तिथे, सातारा रस्त्यावर, उन्हात, वरात निघाल्यासारख्या ट्रकांच्या हॉर्नमध्ये, त्यांना बसणं आणि घट्ट होणं यांतला फरक समजावून सांगितला. पंक्चरवाला शेवटपर्यंत ऐकून निघून गेला. मंडळी शिरवळहून एसटीने साताऱ्याला गेली. गाडी आणि मी फ्लॅटबेडवर चढून पुण्याला आलो. फ्लॅटबेडचा ड्रायव्हर खेड शिवापूरपर्यंत आरशातून मागे बघत होता. मग म्हणाला, ‘‘मॅगव्हील एक नंबर आहेत काका. माझ्या स्विफ्टला बसतील का?’’

वाकलेलं चाक बेंड काढणाऱ्याने ठोकून सरळ केलं आहे. पाण्यात धरलं तर एकही बुडबुडा येत नाही, नीट बघितलं तर थोडं अंड्यासारखं दिसतं. टायर नवा घ्यावा लागला. त्याच मापाचा एक आज मिळत नव्हता, दोन मिळत होते. दोन घेतले.

श्रीखंडाचा डबा मी माळ्यावरून काढून आता डिकीत, स्टेपनीच्या आत ठेवला आहे. त्यानंतर गाडीच्या मागच्या बाजूने खुळखुळ आवाज यायला लागला. सर्व्हिसला नेली, त्यांनी मागचे बुश बघितले, शॉकअॅब्सॉर्बर बघितले, एक दिवस ठेवून घेतली आणि सगळं ठीक असल्याचं लिहून दिलं. दुसऱ्यांदा नेली तेव्हा तिथल्या शिकाऊ पोराने डिकी उघडून डबा बाहेर काढला आणि माझ्यासमोर हलवून दाखवला. मी बोल्टांना जुनं फडकं गुंडाळलं आहे. आता आवाज येत नाही. फक्त गतिरोधकावर येतो.